गंजीजवळची उजेडाची रेघ

"श्रावण, अक्षर पुरं झालं की बॅटरीवर हात ठेव. नाहीतर 'श्रा'ची शेपटी जाऊन 'व'ले भिडते."

"मंग अंधारात मले समजन कसं, 'व' कुठं काढाचा ते?"

"एक पाऊल बाजूले सरक अन् काढ."

"कोन्या बाजूले?"

मारोतीनं कपाळाला हात लावला. सत्यभामा आणि रुपी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. हसायचा आवाज फोटोत येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण मारोतीला राग येतो, हेही माहीत होतं.

मे महिन्याची सुट्टी होती. केळापूरच्या बाजूचं ते लहानसं गाव. दिवसभर असं ऊन की कुत्रंसुद्धा रांजणाच्या बुडाशी जाऊन पडायचं. दिवस मावळला, जरा काळोख झाला, की ही चौकडी वस्तीमागच्या पडीत जागेवर जमायची. अमावास्या जवळ आली होती, त्यामुळे चांदण्याचा त्रास नव्हता. नाहीतर चांदणं म्हणजे या कामात शत्रूच.

मारोती तेरा वर्षांचा, यवतमाळचा. तिथं तो फुलचंद फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचा. पाणी भर, काच पूस, अशी कामं करता करता फोटो धुवायला शिकला. सुट्टीत मामाच्या गावी निघाला तेव्हा फुलचंदनं त्याला जुना डबा कॅमेरा दिला, दोन फिल्मा दिल्या, थोडे कागद आणि औषधाच्या पुड्या दिल्या. वर एक विद्याही दिली. अंधारात कॅमेऱ्याचा खटका दाबून धरायचा. जोवर दाबलाय तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा. समोर कुणी बॅटरी घेऊन नाचलं, तर नाचणारा दिसत नाही. बॅटरी जिथून जिथून गेली तिथं उजेडाची रेघ तेवढी उमटते.

"म्हंजे मानूस गायब अन् त्याचा उजेड शाबूत?" रुपीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"हो."

"मले आवडलं."

रुपी पलीकडच्या तांड्यातली. तिचा आजा फुलसिंग, त्याला ती दादा म्हणायची. वस्तीच्या कडब्याची राखण तोच करायचा. सत्यभामा आणि रुपी एकाच वर्गात. शाळा नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की फुलसिंग दोघींना दोन खांद्यांवर बसवून पार करायचा आणि म्हणायचा, "दोन पोती गहू कमी भरतीन, इतक्या जड झाल्या तुमी."

पहिली फिल्म जवळजवळ सगळी वाया गेली. श्रावणनं बॅटरी स्वतःच्या तोंडावर मारली, तर फोटोत नुसतं एक दात काढलेलं भूत आलं. सत्यभामा पांढरं पोलकं घालून आली, तर ते धुरासारखं पसरलं. मारोतीचाच हात हलला आणि एका बॅटरीच्या तीन झाल्या. पण एक फोटो असा आला की चौघं बघतच राहिले. रुपीनं आरशांची ओढणी पसरून गिरकी घेतली होती आणि सत्यभामानं तिच्यावर बॅटरी धरली होती. फोटोत माणूस नाही, ओढणी नाही. नुसत्या चांदण्यांचा भोवरा.

"हे माह्या याडीले दाखवतो," रुपी म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. "ते म्हनन, माही पोरगी आभाळात गेली."

आणखी एक गोष्ट शिकले. लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. त्याच्या हिशोबानं तो सरळ लिहितो, पण समोरून बघणाऱ्याला अक्षरं उलटी दिसतात, आरशात दिसतात तशी. फोटोतही उलटी येतात. श्रावणला उलटं लिहायला शिकवायचं म्हणजे जन्म गेला असता. पण फुलचंदची युक्ती होती. कागदावर फोटो छापताना निगेटिव्ह पालथं ठेवायचं. उलटं नाव सरळ होतं.

"बस इतकंच?" सत्यभामा म्हणाली.

"इतकंच. पालथं ठेवाचं अन् गप राहाचं. लोकाइले वाटते आपन लय हुशार."

दुसऱ्या फिल्मेला त्यांनी जागा बदलली. तेलाचं रिकामं टिपाड आणून त्यावर कॅमेरा ठेवला, तोंड कडब्याच्या गंजीकडे. कॅमेऱ्यामागं उभं राहिलं की उजव्या हाताला वस्ती, डाव्या हाताला तांड्याची वाट आणि समोर गंजी. ती गंजी सगळ्या वस्तीची मिळून एक. नवा धम्म घेतल्यापासून वस्तीनं गावाची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तसा गावाकडून मिळणारा चाराही बंद झाला. मग सगळ्यांनी मिळून ज्वारी पेरली, मिळून कडबा रचला. रविवारी फकिरा आजा पेंड्या वाटून द्यायचा. मधल्या वारी कुणी एक पेंडीही काढायची नाही, हा नियम. नियम केला होता सत्यभामा आणि श्रावणच्या बापानं, म्हणजे मारोतीच्या मामानं, डोमाजीनं.

त्या संध्याकाळी श्रावणनं आपलं नाव लिहिलं. मारोती टिपाडाशी मान खाली घालून खटका दाबून बसला होता. दोघी पोरी बाजूला. बॅटरीनं सगळ्यांचे डोळे असे दिपले होते की तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"झालं. सोड," श्रावण म्हणाला. सगळे जेवायला पळाले.

जेवण अर्ध्यावर होतं आणि बाहेर कल्लोळ उठला. गंजी पेटली होती.

कोरडा कडबा आणि वर मेचा वारा. विहिरीपासून माणसांची रांग लागली, बादल्या आल्या, पण आग कुणाचं ऐकते. सगळ्यांत पुढं फुलसिंग होता. पेटलेल्या पेंड्या तो हातांनी ओढून बाजूला फेकत होता. त्याचे दोन्ही तळवे भाजले. तरी चौथा हिस्सासुद्धा वाचला नाही.

सकाळी झेंड्याखाली वस्ती बसली. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा आणि त्याच्या सावलीत काळवंडलेली तोंडं. बैल आता पाऊस पडेपर्यंत काय खाणार? फकिरा आजा सगळ्यांत मोठा, म्हणून तोच बोलला.

"काल संध्याकाळी गंजीकडे कोन गेलतं?"

कुणी बोललं नाही.

"डोमाजी, तुहं घर कडेले हाये. तुले काही दिसलं?"

"नाई," डोमाजी म्हणाला. "मी घरातच होतो. गाय नुकतीच व्याली ना."

"फुलसिंग?"

फुलसिंगच्या हातांना हळद-तेलाच्या चिंध्या बांधल्या होत्या. "मी जेवून राह्यलो होतो. जेवल्यावरच येतो रोज. जाळ दिसला अन् धावलो."

"सगळ्याइच्या आधी तूच कसा पोचला?" मागून कुणीतरी म्हणालं.

तिथं मारोतीच्या डोक्यात उजेड पडला. त्याला वाटलं, उजेड. तो सत्यभामाच्या कानाशी लागला. "कालचा फोटो. कॅमेऱ्याचं तोंड गंजीकडेच होतं."

दुपारी कोठीची खोली बंद करून ते कामाला लागले. फटींना गोधड्या लावल्या. औषध ऊन पाण्यात कालवलं तर फिल्मेचा लेप सुटून येतो, म्हणून माठातलं पाणी घेतलं. आजी रुखमाबाईची परात आणली.

"त्या परातीत आता मी पीठ नाई मळनार," आजी दाराबाहेरून म्हणाली. "सांगून ठेवतो. भाकर तुह्या कॅमेऱ्यावर थाप."

घामानं चौघं निथळत होते. लाल कापड बांधलेल्या कंदिलाच्या उजेडात कागदावर हळूहळू नाव उमटलं, सरळ आणि सुरेख, 'श्रावण'. आणि त्याच्या मागं, गंजीच्या अंगाला, एक बारीक रेघ. कुणीतरी कंदील घेऊन चाललं होतं. रेघ डावीकडून आली होती, गंजीपाशी तिचा ठिपका झाला होता, म्हणजे कंदील तिथं ठेवला होता, आणि मग परत डावीकडे गेली होती.

"डावीकडे तर तांडा हाये," श्रावण म्हणाला.

रुपी कागदाकडे बघत होती. "दादा जेवत होता," ती म्हणाली. "मी वाढून राह्यली होती त्याले."

"अगं, पन तू तर आमच्यासंग होती," मारोती म्हणाला.

"तिथून घरी गेली अन् वाढलं."

"मंग त्याच्या आधीचं तुले काय माहीत?"

रुपी उठली, गोधडी बाजूला केली आणि गेली. तिला थांबवायला हवं होतं. सत्यभामाच्या मनात आलंही. पण मारोती कागद वाळवत होता आणि तिनं त्याचं दुसरं टोक धरलं होतं.

संध्याकाळपर्यंत फोटो वस्तीभर फिरला. लोक मारोतीची पाठ थोपटत होते. यवतमाळचं पोरगं, कसं हुडकून काढलं म्हणत होते. डोमाजीनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, इतका वेळ की श्रावणनं विचारलं, "बाबा, समजलं ना?"

"समजलं," डोमाजी म्हणाला आणि फोटो पुढच्याच्या हातात दिला.

फुलसिंगला राखणीवरून काढलं. तो नुसता म्हणाला, "तुमची मर्जी," आणि वाटेला लागला.

तिसऱ्या दिवशी सत्यभामाला नाल्याजवळ रुपीची आई लालीबाई भेटली. बोलायची नव्हतीच ती, पण सत्यभामा आडवी उभी राहिली.

"मावशी, रुपी काहून येत नाई?"

"कायले येईन? आग लावनाऱ्याची नात म्हनून?" लालीबाईनं डोक्यावरची घागर सावरली. "उद्या तिचा मामा दारव्ह्याकडून येऊन राह्यला. घेऊन जानार तिले. तिकडच्या तांड्यात राहीन, ढोरं राखीन."

"अन् शाळा?"

"एकल्या पोरीले नाल्यापलीकडे कोन धाडन? तुमच्या वस्तीतून जाच लागते ना शाळेत?"

सत्यभामा घरी आली ती थेट मारोतीकडे. "फोटो दे."

"आता कायले?"

"दे म्हनलं ना."

ती फोटो घेऊन उंबऱ्यावर बसली. बोटानं रेघेवरून गेली, गंजीपाशी थांबली, परत आली. मग नावावरून गेली. श्रा, व, ण. पुन्हा गेली. मग एकदम तिचं बोट थांबलं.

"मारोती, हे नाव सरळ काहून हाये?"

"काहून म्हंजे? पालथं छापलं म्हनून."

"नाव पालथं झालं, तर मंग रेघ?"

मारोतीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दर वेळी नाव छापायचं म्हणून हाताला सवय लागली होती. निगेटिव्ह घेतलं की पालथं. या वेळी कुणी विचारच केला नव्हता. नाव सरळ झालं, आणि बाकी सगळी दुनिया उलटी झाली. रेघ डावीकडून आलीच नव्हती. ती उजवीकडून आली होती, वस्तीकडून.

श्रावणला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो म्हणाला, "पन उजवीकडे तर पह्यलं घर आपलंच हाये."

सत्यभामाला गोठा आठवत होता. गंजी पेटली तेव्हा ती बादली आणायला गोठ्यात पळाली होती. नव्यानं व्यालेली गाय ताठ उभी राहून कडबा खात होती. पेंडी पुरी होती, अजून सोडलेलीही नव्हती. आणि वार होता बुधवार.

"सत्या," मारोती हळूच म्हणाला, "गप राहू. मामा काही मुद्दाम नाई करत. कोनाले कळनार नाई."

"रुपीले तर कळतेच."

"तिले कुठं माहीत?"

"आपन खोटं बोललो, इतकं तिले माहीत हाये."

सगळ्यांत जास्त पाठ मारोतीचीच थोपटली गेली होती.

त्या संध्याकाळी सत्यभामा स्वतः फकिरा आजाकडे गेली आणि म्हणाली की फोटोत आमची चूक झाली, सगळ्यांना बोलवा. माणसं जमली. डोमाजीही आला, मागं खांबाला टेकून बसला. सत्यभामानं तिकडं बघितलं नाही.

"पोट्टेहो, आता काय नवीन?" फकिरा आजा म्हणाला. "फोटोत तर साफ दिसते."

"आजा, तुमी समोर बसा. श्रावण, लिही."

श्रावण लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि बॅटरीनं हवेत मोठा 'क' काढला. मग आणखी एकदा, सावकाश.

"काय काढलं?"

"काही तरीच," एकजण म्हणाला. "उलटंच वाटते."

"त्यानं सरळ काढलं. तुमाले समोरून उलटं दिसलं. कॅमेराही तुमच्यावानीच समोर होता." मग तिनं निगेटिव्ह कंदिलापुढं धरलं. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो, हे मारोतीनं सांगितलं. मग त्यानंच ते तिच्या हातातून घेतलं. "हे पाहा, खरं हे असं. नाव उलटं, कंदील वस्तीकडून. अन् आता मी पालथं करतो. नाव सरळ, कंदील तांड्याकडून. आमी हे दुसरं छापलं. नाव चांगलं दिसावं म्हनून छापलं. चूक माही."

म्हाताऱ्यांनी एकेकानं निगेटिव्ह हातात घेऊन फिरवून बघितलं. कुजबुज सुरू झाली. वस्तीकडून म्हणजे कुणाकडून? सत्यभामाच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिच्यानं निघेना.

"मी गेलतो," खांबाकडून आवाज आला.

डोमाजी उभा होता.

"गाय व्याली, तिच्या अंगात दम नव्हता. रविवार दूर होता. नियम माहाच, म्हनून लपून गेलो. कंदील खाली ठेवून पेंडी ओढली. काचेची चीप उडाली होती कंदिलाची, एखादी ठिनगी पडली असन. घरी आलो तवा काही नव्हतं पेटलं." तो थांबला. "फोटो हातात घेतला तवाच समजलं मले, हे उलटं हाये म्हनून. मी तर चाललो होतो ना त्या वाटेनं."

"अन् गप राह्यला?" फकिरा आजानं विचारलं.

"गप राह्यलो."

आजी रुखमाबाई बायकांतून उठली. ती लेकाला रागावेल असं सगळ्यांना वाटलं. ती सगळ्यांनाच म्हणाली, "याले एकट्याले काय पायता? गावात काही हरवलं की पह्यलं बोट कोनाकडे व्हायचं, विसरलो काय आपन? कालपरवाची गोष्ट हाये बाप्पा. तेच बोट आपन उचललं अन् तांड्याकडे दाखवलं."



मग फकिरा आजानं सत्यभामाला जवळ बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाच्या समोर उभं राहून खरं काढलं या पोरीनं. अन् या पोराइनं आपली चूक आपन सांगतली. शाबास." सगळे शाबास म्हणाले. सत्यभामाला ते कुणा दुसऱ्याबद्दल बोलतायत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती तांड्यावर गेली. डोमाजी पुढं होता. त्यानं फुलसिंगच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा फुलसिंगनं त्याला दंडाला धरून उठवायला बघितलं. चिंध्या बांधलेल्या हातांनी नीट धरता येईना.

"उठ, डोमाजी. माफ हाये. तुही गाय कशी हाये?"

"बरी हाये, काका. उद्यापासून राखनीले या. तुमच्याशिवाय नाई जमत."

फुलसिंगनं मान हलवली. "ते नाई आता. राग नाई माहा. पन रात्री राखन करनारा मानूस म्हंजे ज्याले कोनी विचारत नाई, तू कुठं होता म्हनून. मले तुमी विचारलं. विचारलं त्याचंही काही नाई. मी सांगतलं ते कोनी ऐकलं नाई, कागदाचं ऐकलं."

मारोती खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. फुलसिंगच त्याच्याकडे वळला. "ए यवतमाळवाले, ते चांदन्याचा फोटो लय झकास काढला तू. लालीबाईनं चुलीजवळ लावून ठेवला." मारोतीला रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रुपी छकड्याजवळ उभी होती. मामा आला होता, बैल जुंपले होते. गाठोडं वर चढलं होतं.

"आता तर सगळ्याइले समजलं," सत्यभामा धापा टाकत म्हणाली. "आता नको जाऊ. शाळा हाये ना आपली."

"मामाले शब्द देल्ला दादानं. मामीले बरं नाई, घरात मानूस पाहिजे." रुपी ओढणीच्या आरशांवरून बोट फिरवत होती. "अन् खरं सांगू काय? मले आता तुमच्या वस्तीतून जाऊशी नाई वाटत."

"मी बाबाचं नाव सगळ्याइसमोर येऊ देल्लं, रुपी. तुह्यासाठी."

"माहीत हाये. सांगतलं मले." रुपीनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर भांडता तरी आलं असतं. "पन त्या दिवशी कोठीत मी म्हनलं होतं, दादा जेवत होता. तवा तू काहूनच नाई बोलली? तू मारोतीसंग कागद धरून बसली होती."

तेव्हा बोलायला हवं होतं ते वाक्य सत्यभामाला हजारदा सुचलं, पण सगळं नंतर.

छकडा हलला. श्रावण थोडा वेळ मागं धावला आणि मग धुळीत उभा राहिला.

जूनमध्ये मारोती यवतमाळला परत गेला. त्यानं फुलचंदला सगळं सांगितलं, आणि पुढं बरेच दिवस निगेटिव्ह हातात घेतलं की आधी दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचा. डोमाजीनं आपल्या वाट्याचं धान्य देऊन दुसऱ्या गावाहून कडबा आणला. राखणीला तो स्वतः बसू लागला.

शाळा उघडली. सत्यभामा एकटीच निघाली. वाटेत फकिरा आजाच्या ओसरीवर म्हातारे बसलेले असायचे. ती दिसली की कुणी ना कुणी पाहुण्याला सांगायचं, "हेच ते पोरगी, लय हुशार. आगीचं खरं इनंच शोधून काढलं." पाहुणा कौतुकानं बघायचा. सत्यभामा दोन दिवस तिथून गेली. तिसऱ्या दिवसापासून ती बाभळीच्या रानातून, काट्याकुट्यातून, लांबच्या वाटेनं शाळेत जाऊ लागली.